छाटलेल्या पाच कादंबऱ्यांविषयी अक्काला अहवाल

ती. अक्का हिस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून शेजारचे त्यावर घड्याळ लावतात? 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची पद्धत आहे आणि पद्धत मोडायची माझी छाती नाही, म्हणून सर्व ठीक. नळ गळतो. डाव्या डोळ्याचा नंबर वाढला. एकट्याचा स्वयंपाक केला तरी घासायला भांडी तेवढीच पडतात, हा शोध या वयात लागला. तुम्हा सगळ्यांची खुशाली कळव. 'सगळ्यांची' म्हणताना मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, हे लक्षात घे.

मागच्या पत्रात तू विचारलंस की तुझी भाची बारकी ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलते त्या जाडजूड, राक्षस-राजपुत्रांच्या कादंबऱ्या कसल्या आहेत, आणि मुलींच्या हाती द्याव्यात अशा आहेत का. 'तू वाचनालयात नोकरीला, तुला माहीत असेल,' असंही लिहिलंस. अक्का, मी एकतीस वर्षं वाचनालयात आहे, पण मागच्या खोलीत. पुस्तकं बांधणारा माणूस पुस्तकं वाचत नाही. तो ती उघडतो, पण शिवण कुठे सुटली ते बघायला. फाटकं पुस्तक आलं की कव्हर काढायचं, दोऱ्यानं शिवायचं, पुठ्ठा आणि रेक्झिन चढवायचं आणि मशीनवर घालून तीन बाजूंच्या कडा छाटायच्या. आत राजा मेला काय आणि राणी पळाली काय, खळ सगळ्यांना सारखीच लागते. असा मी गेल्या तीन महिन्यांत बारकीचे पाचही खंड वाचून बसलोय, एकूण तीन हजार चारशे बारा पानं. त्याचं कारण तिनं तुला तिच्या बाजूनं सांगितलं असेलच. तिची बाजू खरी आहे. तरी माझ्या हातानं एकदा लिहितो.

गेल्या वर्षी तिची आई आठ महिने हॉस्पिटलात होती, तेव्हा माय-लेकींनी ही पुस्तकं मिळून वाचली. आधी आईनं वाचायचं, मग लेकीनं, मग परत आईकडे. ने-आण करणारा हमाल मी. दर दोन-तीन दिवसांनी कापडी पिशवीतून एक खंड न्यायचो, एक आणायचो. आई उशीवर पुस्तक आडवं धरायची आणि पानाच्या अगदी काठाला, उभ्या ओळीत, पेन्सिलीनं लेकीसाठी काहीबाही लिहायची. हे मला माहीत नव्हतं. आठ महिने माझ्याच पिशवीतून दोघींचा पत्रव्यवहार चालला होता आणि पोस्टमनला पत्ता नव्हता. ती गेल्यावर पुस्तकं बारकीच्या उशाशी असायची. कव्हरं लोंबायला लागली, पानं सुटायला आली. तिचा वाढदिवस आला तेव्हा मी विचार केला, बापाला येतं काय? बांधता येतं. ती तीन दिवस मैत्रिणीकडे राहायला गेली होती, त्यातल्या रविवारी मी पाचही खंड मागच्या खोलीत नेले, शिवले आणि छाटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच छाटले, कारण कडा बोटांनी मळल्या होत्या. (कुणाच्या बोटांनी, हे मशीनला सुचत नाही. मलाही सुचलं नाही.) निळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरात तिचं नाव. एकतीस वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. बुधवारी वाढदिवसाला तिनं पहिला खंड उघडला, मग दुसरा, मग भराभरा उरलेले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. 'बाबा, एकदा उघडून तरी बघायचं होतं, काठाला आईनं लिहिलं होतं,' एवढंच म्हणाली आणि चौथ्या दिवशी पुस्तकं इथेच ठेवून, बॅग घेऊन तुझ्याकडे आली. तेव्हापासून मी फोन केला की तू म्हणतेस, ती अंघोळीला गेलीय. अक्का, तीन महिन्यांत इतक्या अंघोळी मासासुद्धा करत नाही.

छाटलेल्या पट्ट्या पोत्यात जातात आणि पोती सोमवारी रद्दीवाल्याकडे. मी गुरुवारी सकाळीच त्याचं गोदाम गाठलं आणि पोत्यात तोंड घातलं. त्यानं विचारलं, 'साहेब, सोनं हरवलं का?' मी म्हटलं, तसंच समजा. त्यानं तसंच समजलं. तो, त्याची बायको आणि त्याची सासू अशी तिघं माझ्याआधी सोनं सापडावं म्हणून इतक्या निष्ठेनं कामाला लागली की माझं एकट्याचं आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकलं. मग मी कागदाची एक बोटभर पट्टी उचलली, वाचली आणि तिथेच फतकल मारून रडायला लागलो, तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाईंनी चहा दिला. रद्दीवाल्यानं उरलेली तिन्ही पोती नुसतीच देऊन टाकली आणि घरून न्यायला कुणी येईल का, असं फार हळू आवाजात विचारलं. येणारं कुणी नव्हतं, म्हणून पोती घेऊन मीच मला घरी आणलं. अकरा दिवस निवडल्यावर त्रेचाळीस पट्ट्या सापडल्या. गेल्या किती, ते विचारू नको.

आता पंचाईत अशी की पट्टीवर ओळ आहे, पण ती कुठल्या पानाची हे कळायला मार्ग नाही. पानाचा आकडा खाली मधोमध असतो, तो पुस्तकातच राहिला. म्हणजे ओळ कशाबद्दल आहे हे समजायला पुस्तक वाचण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून वाचली, आणि आता तुला हवा तो अहवाल.

पहिली गोष्ट, या कादंबऱ्यांत आईबाप टिकत नाहीत. सोळा वर्षांची नायिका दहाव्या पानावर पोरकी होते, बाराव्या पानावर तिच्या मनगटावरची खूण चमकायला लागते आणि पंधराव्यापासून अख्खं राज्य वाचवायचं काम तिच्या गळ्यात. का, तर तशी भविष्यवाणी आहे. (आपल्याकडे सोळाव्या वर्षी दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं तर काय होतं, ते तू आता रोज बघत असशील.) सुरुवातीला नकाशा असतो. त्यात वर बर्फ, खाली वाळवंट आणि मधे 'विलापाचं अरण्य'. इतकं स्पष्ट नाव लिहिलेलं असूनही प्रत्येक जण त्यातूनच जातो. बाजूनं चांगला रस्ता दिसतो, मी भिंग लावून पाहिला. साडेतीन हजार पानं माणसं चालतात, पण कुणाच्या चपलेचा अंगठा तुटत नाही. राजपुत्राचे डोळे राखाडी आहेत आणि तो उठताबसता जबडा आवळतो, एकट्या तिसऱ्या खंडात एकोणसाठ वेळा. त्या राज्यात दातांचा डॉक्टर नसावा. दुसरा एक चोर आहे, तो मनाचा चांगला. राजधानी जळत असते आणि आमची नायिका बुरुजावर उभी राहून आपलं मन दोघांपैकी कुणावर आहे हे तपासत असते. दर खंडाच्या शेवटी लेखिका कुणाला तरी कड्यावरून ढकलते आणि वाचकाला वर्षभर टांगून ठेवते. पुढच्या खंडात तो माणूस झुडपात अडकलेला सापडतो. खरंखुरं कुणी मरत नाही, आईबाप, एक म्हातारा राजा आणि एक घोडा सोडून.

पण मला लागलं ते बापांचं. एक बाप मेलेला, तो थोर. एक राजा, तो दुष्ट. आणि एक शेवटच्या लढाईत शिरस्त्राण काढतो तेव्हा कळतं की हाच बाप. जिवंत आहे, मनानं वाईट नाही, पण हातून वाईट होऊन बसलं, असा बाप पाच खंडांत एकही नाही. मी मुद्दाम शोधला. त्याची कुणाला गरज पडत नसावी, आणि पडली तरी त्याचं पुढे काय करायचं हे लेखिकेलाही ठाऊक नसावं.

आणि खरं सांगतो, मला गोडी लागली. दुसरा खंड संपल्यावर तिसऱ्याची पानं ओली खळ वाळायची वाट बघत मी उभ्यानं वाचली. काही पट्ट्या चटकन लागल्या. 'डोळे राखाडी आहेत म्हणून काय झालं? असल्याच्या नादी लागू नको' ही दोनशे बाराव्या पानाची, शंकाच नाही. 'एवढ्या थंडीत ही नुसत्या झग्यावर, हिला कुणी स्वेटर का देत नाही?' या ओळीला अकरा जागा निघाल्या. त्यातली सगळ्यात गार निवडली. वाचनालयात तरुणांच्या विभागात ठेंगण्या खुर्च्या आहेत, तिथे मी जेवणाच्या सुटीत बसायला लागलो. एका चष्मेवाल्या मुलीनं माझी बरीच उलटतपासणी घेतली. 'काका, तुम्ही राजपुत्राच्या बाजूचे की चोराच्या?' मी म्हटलं, घोड्याच्या. त्यानंतर ती मला जागा धरून ठेवते.

एका पट्टीनं मात्र तीन आठवडे खाल्ले. तिच्यावर एवढंच होतं, 'इथे मला रडू आलं. तू रडू नको.' म्हातारा राजा मरतो तिथे धरून पाहिली. पण ती राजासाठी रडणारी बाई नव्हती. घोडा मरतो तिथे धरली, तर मीच रडलो, भर दुपारी मागच्या खोलीत, आणि नेमक्या ग्रंथपाल बाई आल्या. त्यांना वाटलं खळीत टाकायच्या औषधाचा वास चढला. खिडक्या उघडायला लावल्या आणि मला अर्ध्या दिवसाची रजा दिली. (एकतीस वर्षांतली मागितल्याशिवाय मिळालेली पहिली रजा, तीही घोड्याच्या नावावर.) शेवटी तिसऱ्या खंडात नायिका लपतछपत आपल्या घरी परत येते, आणि शेजारणीनं तिच्या आईचा दिवा रोज पुसून ठेवलेला असतो, त्या पानाला ती पट्टी जोडली. चूकही असेल. आपल्या बायकोला कुठे रडू आलं हे पाच खंड वाचून अंदाजानं ठरवावं लागतं, यासारखी नामुष्की नाही, अक्का. मी रोज दोन तास तिच्या खाटेशेजारी बसत होतो. नुसतं 'काय वाचतेस?' एवढं विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. मी डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ही पुस्तकं मुलींच्या हाती द्यायला काही हरकत नाही. त्यांच्या बापांच्या हाती आधी दिली तर जास्त बरं. बारकीला तुझ्याकडे हवं तेवढं राहू दे, तिच्या परीक्षा होऊ देत. मी काही तिला बोलावत नाहीये. घर शांत आहे, माझी कामं होतात, मला काही कमी नाही. हे पत्र तिला दाखवू नको. भाऊजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना शेक दे.

तुझा,
धाकटा

ता. क. दाखवू नको असं वर लिहिलंय खरं, पण तू विसराळू आहेस. पत्र टेबलावर उघडं राहिलं तर मी काही बोलणार नाही.

ता. क. दुसरा. वर तीन-चार ओळी धादांत खोट्या आहेत, कुठल्या ते तुला कळलं असेलच. घरात मी नळाशी बोलतो.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायला बसलो ते खरं यासाठी. त्रेचाळीसपैकी बेचाळीस पट्ट्या पातळ कागदानं सांधून झाल्या. एक उरलीय. तिच्यावर लिहिलंय, 'हा अगदी बाबांसारखा! हस, पण त्यांना सांगू नको.' हा म्हणजे कोण, ते सापडत नाही. पाचही खंड दोनदा चाळले. राजपुत्र नसणार, माझा जबडा तसा नाही. चोर असेल अशी थोडी आशा होती. चौथ्या खंडात पुलाखाली एक राक्षस आहे, त्याला युद्धातलं ओ की ठो कळत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला रोज एकच विचारतो, 'खाल्लंस का?' मी कशासाठी विचारतोय हे न सांगता चष्मेवालीला विचारलं, यातला कोण कुणाच्या बाबांसारखा वाटतो. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, राक्षस. पण ही ओळ बारकीसाठी लिहिलेली आहे आणि तिनं ती वाचलेली आहे, तिला पान माहीत असणार. तेवढं तिला विचार. बाकी काही बोलायला नको, माफ कर म्हणायला नको. फोन करून नुसता आकडा सांगितला तरी चालेल. पण तो तू कळवू नको, तिनं सांगावा.

ता. क. चौथा. राक्षस निघाला तरी चालेल, म्हणावं.