सायलीची नाडी

मंगळवार, संध्याकाळ

मुलींची हालचाल आणि नाडी कुठला फिटनेस पट्टा नीट मोजतो, ते बघायला आज शाळेत खेळाच्या तासाला प्रत्येकीच्या दोन्ही मनगटांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे पट्टे बांधले. नववीतली सायली बाकावर नुसती बसलेली, आणि एका पट्ट्यावर नाडी पळणाऱ्या माणसासारखी. वाटलं, पट्टा बिघडला. पण दुसऱ्यावरही तेच. मग बोटांनी नाडी धरली. खरंच धडधडत होती.

"मॅडम, मला नेहमीच असं होतं," ती हसून म्हणाली.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिची आई चाकणच्या कारखान्यातून शिफ्ट सोडून आली. डॉक्टर म्हणाले, "ठोके अनियमित आहेत. औषधाने आटोक्यात येतील. वेळेत आणलंत."

वेळेत? पुढच्याच मिनिटाला मी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावणार होते. शिट्टी तोंडातच होती माझ्या.