ओठांतल्या टाचण्या

३ मार्च

दादाचे ओठ पुन्हा हलताहेत! कापड बेतताना, चहा पिताना – सारखं काहीतरी पुटपुटतोय. म्हणजे फक्त त्यालाच ऐकू येणारे ते आवाज परत आले. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गोळी वाढवा. वाढवली.

११ मार्च

थांबायचं नाव नाही. आता जीभही मधेच बाहेर येते. ओठांत टाचण्या धरून ट्रायल घेणारा माणूस – आज एकेक टाचणी माझ्याकडे मागत होता. एक गिऱ्हाईक तोंड फिरवून हसलं. असा संताप आला! पण गिऱ्हाईक गेलं तर दुकान गेलं. पुढची टाचणी दादाच्या हातात दिली.

रात्री विचारलं, "कोणाशी बोलतोस रे?"

"कोणाशी नाही, ठमे. तोंडच माझं ऐकत नाही."

२४ मार्च

नव्या डॉक्टरीणबाई. दादाला म्हणाल्या, जीभ बाहेर काढून तशीच धरा. धरवेना. "हे आवाज नाहीत. इतकी वर्षं आवाजांसाठी गोळी घेताहेत ना, तिनंच हे झालंय." आणि मी तीच वाढवायला लावली! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

एकदम बंद करायची नाही. हळूहळू कमी करायची, हलणं थांबायला दुसरी द्यायची. "पण लक्ष ठेवा, मूळ दुखणं डोकं वर काढू शकतं." इकडे आड, तिकडे विहीर. दादा मान खाली घालून ऐकत होता.

८ एप्रिल

कमी केली तर उलट वाढलं! जेवताना जीभ चावली, ताटात रक्त. बाई म्हणतात, सुरुवातीला होतं असं, धीर धरा. धीर काय मीटरवर मिळतो? मला काही म्हणजे काही करता येत नाही.

९ एप्रिल

दुकान उघडलं नाही.

१९ मे

ओठ शांत वाटले. बोलले नाही कोणाला. दृष्ट लागायची.

३० मे

खरंच थांबले! दादाने आज टाचण्या ओठांत धरल्या. एकही पडली नाही. मी कपड्यांच्या गठ्ठ्यामागे जाऊन पोटभर रडून घेतलं.

१२ जून

दुपारी दुकानात आले तर दादा आरशासमोर गुडघे टेकून बसलेला. ओठांत टाचण्या, हातात मोजपट्टी. "साहेब, जरा ताठ उभे राहा." मग मला म्हणाला, "ठमे, साहेबांना पाणी दे."

दुकानात आम्ही दोघंच होतो. मी पाणी आणलं.