अर्धं अंडं

चामराजपेट, बेंगळूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अनुसूयेस,
अनेक आशीर्वाद.

अनू, न्हाणीघरामागचा तो कपडे धुवायचा दगड आठवतो का गं? तू त्याच्यावर शाल गुंडाळून, पाय हलवत बसायचीस आणि मी शेगडीपुढे उकिडवी. तुला प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांचा क्षय, झाला, डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं, तेव्हा अज्जीने घरात अंडं येऊ दिलं. पण अटी घालून. शेगडी अंगणात, बिडाचा तवा वेगळा, आणि करणारीने पुन्हा आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. आईला स्वयंपाक सोडून ते जमेना, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी अकरा वर्षांची, तू आठ.

इकडे सगळं ठीक. वेदांतला ऑफिससाठी रोज हेब्बाळपर्यंत जावं लागतं, घरी येतो तो अर्धा झोपलेलाच. माझं ऑपरेशन अठरा मार्चला ठरलं. तोवर वजन उतरायला हवं म्हणून महिनाभर सकाळची इडली बंद, उप्पिट्टु बंद. एक अंडं, त्यात भरपूर भाजी, तेल चमचाभर.

पहिल्या दिवशी यशश्री करायला उभी राहिली. आमच्या सूनबाई नागपूरच्या, बोलणं सगळं घाईत. "सिंपल आहे हो आई! एग कमी, व्हेजिटेबल जास्त. पोट फुल वाटतं, कॅलरी मात्र नाही." मी म्हटलं, सरी, बरं, दे इकडे. गाजर किसलं, बीन्स आणि कोबी अगदी बारीक चिरला, कांद्याबरोबर पाण्याच्या हबक्यावर परतला, वर फेटलेलं अंडं ओतून झाकण ठेवलं. उलटलं तर एवढं जाड, पिवळंधमक.

"हे एकाच अंड्याचं? कुठे शिकलात?"

"असंच," म्हटलं. दोन घास खाल्ले आणि ताटली सारली.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अक्का, तुझ्या अंड्यांवर मी जगले. आता महिनाभर मी येऊन तुला करून घालणार. तू गप बस." मी फोन ठेवला. तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

आपल्या कॉन्व्हेंट शाळेत कॅथलिक मुली शुक्रवारी कन्फेशनला, फादरांपुढे चुका कबूल करायला, जायच्या आणि आपण हिंदू मुली मॉरल सायन्सला बसायचो. त्या परत येताना पायऱ्यांवरून उड्या मारत यायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा, तुला कधी सांगितलं नाही.

अनू, तुला अख्खं अंडं कधीच मिळालं नाही. वाटीत फेटलं की अर्धं मी आधी तव्यावर टाकायचे आणि तू बाहेर येण्याआधी, तोंड पोळलं तरी, उभ्या उभ्या खायचे. उरलेल्या अर्ध्यात गाजर, कोबी, जे हाताला लागेल ते भरायचे, म्हणजे ताटली भरलेली दिसावी. तू म्हणायचीस, अक्का किती छान करते. अज्जी आईला सांगायची, पोरीची माया बघ. एक-दोन दिवस नाही, सहा महिने. मी उपाशी नव्हते. मला ते फार आवडायचं, आणि आजारी नसलेल्या मुलीला ते मागायची सोय नव्हती, एवढंच.

त्या जूनमध्ये तू पुन्हा आजारी पडलीस. वर्ष बुडालं. मावशी तुला हवापालटाला म्हणून धारवाडला घेऊन गेली, तिथल्या शाळेत घातलं, आणि तू तिथलीच झालीस. तुझी खाट कितीतरी दिवस माझ्या खाटेशेजारी तशीच होती. अर्ध्या अंड्याने असं काही होत नाही, असं कुठलाही डॉक्टर सांगेल. पंचावन्न वर्षं मीही स्वतःला तेच सांगते आहे. फार उपयोग झालेला नाही.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस. म्हणून पत्र. हवा तेवढा वेळ घे. यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, यशश्री रजा काढेल. पण तू मायेची परतफेड करायला येणार आणि मी ती निमूट गिळणार, हे माझ्याच्याने होणार नाही. आता माझ्या ताटलीत अख्खं अंडं पडतं, तेच जड जातं.

वयाला धरून थोडं लिहून ठेवते. कपाटाची किल्ली वेदांतकडे राहील. आईच्या मोत्यांच्या कुड्या यशश्रीला. अज्जीचा पितळी तांब्या यल्लव्वाला. भांडी घासताना ती तो नेहमी शेवटी, सावकाश घासते. माझी शाळेची पुस्तकं कुणाला नको असतील तर रद्दीत जाऊ देत. बिडाचा तवा माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो तुझा.

आणि तू आलीस, तर मी घरी असेन किंवा नसेन, यशश्रीला सांगून ठेवलं आहे: पहिल्या सकाळी अनूमावशीला एक अख्खं अंडं. त्यात भाजी घालायची नाही.

तुझी,
अक्का