मी उभी आहे तोवर

४ जून
मी नाही म्हटलं! अख्ख्या सभागृहात एकटी. शाळेच्या हॉलला सुट्टीतल्या शिबिराच्या कार्यक्रमात आग लागून आठवडा झाला नाही आणि यांना चार दिवसांत कायदा हवा. मागच्या दाराला कुणीतरी बाहेरून कडी लावली होती, म्हणून मुलं गेली. आमची बबडीही – माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक. पेपरवाले याला ‘बबडीचा कायदा’ म्हणतात. कुणाला विचारून?

५ जून
पक्षाच्या नेत्यांचा फोन – “बाई, लोक पेटलेत. आडव्या आलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.” म्हटलं, तोंड माझं आहे, कुठे दाखवायचं ते मी बघते.

मसुदा वाचला. दार लावणाऱ्याला जन्मठेप. हेतू बघायचा नाही, जामीन नाही, आणि लागू मागच्या तारखेपासून. सगळं रागात लिहिलंय. राग मलाही आहे! बबडीची पिवळी चप्पल आठवली की कुणाचा तरी गळा धरावासा वाटतो. म्हणूनच म्हणते, थांबा. चौकशी तरी होऊ द्या.

६ जून
भाऊ आला, उंबऱ्यातच उभा राहिला. “ताई, तुझी भाची होती ती. मत दे आणि मोकळी हो.” पाणीसुद्धा घेतलं नाही. तो गेल्यावर खूप रडले. तरी नाही म्हणजे नाही.

७ जून
एक जुना नियम आहे, सगळे विसरलेत. एकाही सदस्याने मागितलं तर विधेयक सबंध, शेकडो पानांच्या परिशिष्टांसकट, मोठ्याने वाचावं लागतं. मात्र मागणाऱ्याने उभं राहायचं. तो बसला की वाचन संपलं, लगेच मतदान. उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. गुडघा कुरकुरतोय. कुरकुरू दे!

८ जून
उभी राहिले. वाचता वाचता सचिवांचा घसा बसला, दुसरे आले. “बसा हो बाई!” “लाज आहे का काही?” – ऐकून घेतलं. वर गॅलरीत भाऊ, मांडीवर बबडीचा फोटो. दाराचं कलम आलं आणि तो उठून गेला. माझं तोंड बघवलं नसेल त्याला.

संध्याकाळी सभापतींनी काम संपल्याचं जाहीर केलं. कायदा गेला पुढच्या अधिवेशनात! पाय सुजून भोपळा झालेत, पण जिंकले.

९ जून
भाऊ आला. आज आत आला, पाणी प्याला. म्हणाला, “ताई, त्या दिवशी हॉलवर मदतीला मी होतो. पोरं सारखी मागून बाहेर पळत होती. कडी मीच लावली आणि पुढे खुर्च्या मांडायला गेलो. पुढच्या अधिवेशनात तू बस खाली. होऊ दे तो कायदा.”

बसणार नाही. पण कालपर्यंत मी का उभी होते, ते मला ठाऊक होतं.