सत्तावीस तारखेच्या सभेआधी

मी, भैरवी गिरिधर बारापात्रे, वय एकतीस, राहणार बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. झोप नीट लागत नाही, पण ते लपवणे योग्य वाटत नाही म्हणून नोंदवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या वयात हे काहून, असे आईने विचारले तेव्हा मी "बँकेत लागतं" म्हणाले. ते खरे नव्हते. खरे कारण पुढे येईल.

१. बेसा येथील माझी सदनिका आणि बँकेतील ठेव माझी आई प्रेमिला हिला मिळावी. त्यातून तिने माझा धाकटा भाऊ पियुष याच्या गाडीचे हप्ते भरू नयेत. ही विनंती आहे, अट नाही.

२. 'सप्तवेध सिस्टिम्स'चे माझ्या नावावरील सर्व शेअरही आईला मिळावेत. ही कंपनी माझे वडील आणि त्यांचे मित्र श्रीधर खानोरकर यांनी सक्करदऱ्यातल्या एका टिनाच्या शेडमध्ये सुरू केली. तिथे बसची तिकीटयंत्रे बनत. वडिलांना पगाराऐवजी शेअर मिळत गेले, ते त्यांच्यानंतर माझ्याकडे आले. शाळेत जाण्याआधी वडिलांनी मला वाचायला शिकवले ते कंपनीच्या वार्षिक अहवालावर, आणि तेही शेवटच्या पानापासून. "साहेबाचा फोटो पुढं असते वं, कंपनी मागं असते," असे ते म्हणत. मी अजून तसेच वाचते.

श्रीधरकाका व्यवस्थापकीय संचालक झाल्यापासून शेअरचा भाव वर्षानुवर्षे चढत आला. सक्करदऱ्यातल्या कितीतरी घरांतली लग्ने त्यावर झाली, माझे शिक्षणही झाले. हे मी नाकारत नाही. पण अलीकडे विक्री वाढते, नफा वाढतो, आणि विकलेल्या मालाचे पैसे मात्र येत नाहीत. माल घेणाऱ्या बहुतेक कंपन्या श्रीधरकाकांच्या जावयाच्या आहेत. हे सगळे अहवालात मागे छापलेले आहे. भाव चढतो तोवर मागे कोणी जात नाही.

काकांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे सत्तावीस तारखेच्या वार्षिक सभेत त्यांच्या फेरनेमणुकीच्या ठरावाला कायद्याने पंचाहत्तर टक्के मते लागतात. यंदा विरोधातली मते, माझी धरली तर, ठराव पाडू शकतात. माझी वगळली तर ठराव मंजूर होतो. आणि भागधारक मेला, तर शेअर वारसाच्या नावावर होईपर्यंत ती मते कोणालाच देता येत नाहीत.

३. पियुषला वडिलांची सोल्डरिंगची पेटी द्यावी. तो 'सप्तवेध'मध्येच नोकरीला आहे. मागच्या रविवारी तो घरी आला होता.

"ताई, तुले काहून खाज सुटली वं? शेअर चढून राहिला ना?"

"पैसे येऊन नाही राहिले, पियुष."

"बाबाचा दोस्त आहे तो. बाबानं डोळे मिटून मत दिलं असतं."

"बाबानं मागची पानं वाचली असती."

"बळीराम गुरुजीनंबी वाचली होती," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून गेला.

कुहीचे बळीराम गुरुजी छोटे भागधारक होते. गेल्या वर्षीच्या सभेत त्यांनी येणे असलेल्या पैशांबद्दल उभे राहून विचारले. घरी परतताना एका ट्रकने त्यांच्या स्कूटरला उडवले. पोलिसांत अपघात अशी नोंद आहे. मला याहून वेगळे काही ठाऊक नाही, म्हणून मी वेगळे काही म्हणत नाही.

४. दर वर्षी सभेआधी श्रीधरकाकांकडून मोठ्या भागधारकांच्या घरी संत्रा बर्फीचा डबा येतो. त्यावर भागधारकाचे नाव असते. यंदाच्या डब्यावर आईचे नाव आहे. माझ्यानंतर शेअर आईला जातील, हे मी फक्त पियुषला सांगितले होते. कोणाची चूकही असू शकते. डबा उघडलेला नाही. त्यातली बर्फी कोणी खाऊ नये.

५. शेअर नावावर झाल्यावर आईने आपले मत स्वतः द्यावे. आपल्या वतीने मत देण्याच्या कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करून ते कोणाच्या हाती देऊ नये, पियुषच्याही नाही. आमच्या वस्तीत दर वर्षी सगळे तसेच देतात, श्रीधरकाकांच्याच माणसाला. मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. लतिका मेश्राम यांनी करावी.

६. ऑनलाइन मतदान आज सकाळी सुरू झाले. मी ठरावाच्या विरोधात मत दिले. एकदा दिलेले मत कोणालाच बदलता येत नाही. मी नसले तरी ते मोजले जाईल. हे पियुषला फोन करून सांगितले.

"हे आधी सांगायला पाहिजे होतं वं, ताई."

"आता सांगितलं ना. तू काकायले सांग."

"सांगतो. तू आज कुठं जाऊ नको. मी येऊन राहिलो."

म्हणून मृत्युपत्र नोंदवायला रजिस्ट्रारच्या कार्यालयात न जाता साक्षीदारांना घरी बोलावले. मी आजारी नाही, मला गावाला जायचे नाही, सत्तावीस तारखेला सभेत बसण्याचा माझा पक्का विचार आहे. मी तिथे दिसले नाही, तर ती माझी इच्छा नव्हती असे समजावे.

साक्षीदार आले आहेत. पियुष अजून आलेला नाही.

मृत्युपत्र करणार: भैरवी गिरिधर बारापात्रे (सही)

आमच्यासमोर तिने व तिच्यासमोर आम्ही सह्या केल्या:
१. इंदुताई वानखेडे, शेजारी (सही)
२. आर्यन पराते, शेजारी (सही)

स्थळ: बेसा, नागपूर
दिनांक: २४ सप्टेंबर २०२५