कपाळावरचा वळ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रिय चिऊ,

तुला आणि जावयांना आशीर्वाद, छोटीला दोन्ही गालांवर एकेक पापा. तिचा पडलेला दात जपून ठेवलास का? तुझे सगळे मी एका काचेच्या डबीत ठेवले होते, घर बदलताना ती डबी कुठे गेली कोण जाणे. माझं बरं चाललंय. गुडघ्याचं म्हणशील तर तो तुझ्या आत्यासारखा आहे. दिवसभर कुरकुरतो, पण कामाला नाही म्हणत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर प्रश्न तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस, ही तुझी लहानपणापासूनची सवय. शिवाय प्रत्येक फोनच्या शेवटी ‘मग तुझ्या खोलीला कोणता रंग देऊ?’ हे येतंच, आणि मी गॅसवर काहीतरी ठेवलंय असं सांगून फोन ठेवते. गॅसवर काही नसतं. महिनाअखेरीला तुझा रंगारी येणार आहे आणि त्याच्या आत मी तुमच्याकडे कायमची राहायला येतेय की नाही ते सांगायचं आहे, हे मी विसरलेले नाही. सांगते. त्याआधी एक वेगळी बातमी.

मी हेल्मेट घेतलं. मोटारसायकलवर घालतात तेच.

हसून झालं की पुढे वाच. इथे हल्ली फोन केला की मोटारसायकल दारात येते आणि मागे बसवून हवं तिथे नेऊन सोडते. बँकेत, दाताच्या डॉक्टरांकडे, कुठेही. माझ्याकडे नेहमी एकच बाई येते. चाळिशी उलटलेली, अंगाने आडवी, पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. तिला सगळे पायलट म्हणतात. मी मागे चढेपर्यंत ती दोन्ही पाय रोवून गाडी अशी धरून ठेवते की घोडा असता तरी हलला नसता. पहिल्या दिवशी मी कुठे धरू म्हणून चाचपडत होते तर म्हणाली, मावशी, मला धरा, लाजू नका, माझ्या कमरेला भरपूर जागा आहे.

गाडीची भीती कधीच गेली. त्रास होता तो तिच्या हेल्मेटचा. गिऱ्हाइकांसाठी तिच्याकडे एकच आहे आणि ते दिवसभर या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत असतं. आत नाना तऱ्हेच्या तेलांचा वास. माझ्या कपाळाला तर ते असं करकचून बसतं की काढल्यावर भुवयांच्या वर आडवा लाल वळ उठलेला असतो, आणि मग संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं. म्हणून काल दुकानात गेले.

भिंतभर हेल्मेटं. सगळी आपल्याकडे तोंड करून बसलेली आणि आत कुणीच नाही. मी एक चंदेरी उचललं तर दुकानदार म्हणाला, रंगाचं शेवटी बघू. घसा बसलेला, माझ्याच वयाचा माणूस. त्याने टेप काढली आणि आधी अंबाडा सोडायला लावला. अंबाड्यासकट घेतलंत तर हेल्मेट अंबाड्याला बसेल, डोक्याला नाही, म्हणाला. परक्या माणसाच्या देखत आरशासमोर पिना काढून मी खाली मानेवर वेणी घातली. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर असत्या तर मला जन्माची प्रायश्चित्तं दिली असती. आम्हाला त्या डोक्यावर पुस्तक ठेवून व्हरांड्यात चालायला लावायच्या, ताठ चालता यावं म्हणून. डोक्यावर काहीतरी घेऊन तोल सांभाळण्याचं माझं शिक्षण तसं पूर्ण झालेलं आहे.

मग कळलं की माझं डोकं पुढून मागे लांब आहे. गोल हेल्मेट अशा डोक्याला कपाळावर टोचतं आणि कानांशी ढिलं पडतं. एवढं आयुष्य गेलं आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दाब गालांवर यायला हवा, कपाळावर नको. मान हलवली तर हेल्मेटने कातडीला धरून हलावं, एकट्याने फिरू नये. त्याने मला लांबट आकाराचं एक दिलं, चष्म्याच्या काड्या आत नीट सरकवायला लावल्या आणि पाव तास तसंच स्टुलावर बसवून ठेवलं, कारण कुठे टोचतं ते लगेच कळत नाही. कुणाशी तरी बोला म्हणजे जबडा मोकळा हलतोय का समजेल, असंही म्हणाला. कुणाशी बोलणार? मी मनातल्या मनात पाढे म्हटले. आत आपलाच श्वास ऐकू येतो. घरीही तोच ऐकू येतो म्हणा.

शेवटी त्याने हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि दोन बोटं आत जातात का ते पाहिलं. चिऊ, कुणीतरी माझ्या हनुवटीला हात लावून किती दिवस झाले होते, ते मला त्या स्टुलावर कळलं. मी समोरची काच खाली ओढली. त्याला वाटलं, मी काच तपासतेय.

गडद निळं घेतलं. सुरेख बसतं. आता डोळे दमले. रंगाचं उद्या लिहिते, तुझ्याकडच्या खोलीच्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पत्र टाकलं नाही. वाचून पाहिलं आणि मलाच ते पटलं नाही. बँक दोन गल्ल्या सोडून आहे, तिथे मी चालत जाते. दातासाठी वर्षातून एकदा जाणारी बाई हेल्मेट घेत नाही.

शेजारच्या काकांच्या गाडीतून महिन्यातून एकदा बाबांकडे जाते, असं मी तुला सांगत आले. काकांनी गाडी चालवणं केव्हाच सोडलं. टेकडीपलीकडे त्यांच्या शुश्रूषागृहाकडे जाणारी बस बंद झाल्यापासून मी दर शुक्रवारी पायलटच्या मागे बसून जाते. वळणावळणाचा रस्ता आहे, खडी आहे. सांगितलं असतं तर तू रात्रभर तळमळली असतीस आणि सकाळी म्हणाली असतीस, ‘बाबांना कळत नाही गं, तू गेलीस काय नि नाही गेलीस काय.’ तू ते माझ्या काळजीपोटी म्हणतेस. आणि ते खरं आहे. तरी मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

ते मला ओळखत नाहीत. मी गेले की उठून उभे राहतात, खुर्ची देतात, ‘बसा बाई’ म्हणतात. जन्मभर ‘अगं’ म्हणणारा माणूस ‘तुम्ही’ म्हणायला लागला की आपण आपल्याच घरात पाहुणे आलोय असं होतं. नंतर ते खिडकीबाहेर बघत बसतात आणि मी त्यांच्याकडे. हात हातात घ्यायची सोय नाही. एकदा मी घेतला तर त्यांनी हळूच सोडवून घेतला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परक्या बाईचा हात कोण धरून ठेवेल? चांगल्या घरचा माणूस आहे.

मग मागे पावसात एकदा मी हेल्मेट काढून आत गेले, आणि त्यांनी खिडकीकडे बघायचं सोडून माझ्या कपाळाकडे बघितलं. आपल्या चष्म्याच्या दुकानात ते कसे बघायचे, आठवतं? गिऱ्हाईक आत आलं की आधी नाकावरच्या आणि कानामागच्या खुणा बघायचे, चष्मा नंतर. तसंच. जवळ आले आणि अंगठ्याने वळाच्या मधोमध दाबलं.

“इथे दुखतं?” म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांनी अंगठा मधून कानशिलापर्यंत हलके हलके फिरवत नेला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. म्हणाले, “हे तुम्हाला घट्ट होतंय, बाई. बदलून घ्या. वस्तू अंगावर आहे याचा विसर पडला पाहिजे.”

तेव्हापासून दर शुक्रवारी तेच शब्द आणि तोच अंगठा. त्यांना प्रत्येक वेळी तो वळ नव्याने दिसायचा. मी आठवडा कसा काढते हे तू विचारतेस ना, तो असा काढते.

आणि तरी मी नवं हेल्मेट घ्यायला गेले. इतक्यांदा ‘बदलून घ्या’ म्हणाले, मग ऐकावंसं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की सांगितलेलं ऐकायची खोड जात नाही.

आज ते घालून गेले. कपाळ स्वच्छ. त्यांनी खुर्ची दिली, माझा चेहरा नीट पाहिला, आणि तिथे दुरुस्त करण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी वेड्यासारखं हेल्मेट पुढे केलं, तुम्ही सांगितलंत म्हणून बदललं, म्हटलं. छान आहे, म्हणाले. पाहुण्यांच्या मुलाने काढलेलं चित्र छान असतं तसं. चहा आला, तो मी घेतला, निघाले.

येताना हेल्मेट कुठेही टोचलं नाही. अख्ख्या रस्त्यात एकदाही नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हे शेवटचं, आणि आज पत्र टाकणार.

आज मी पायलटला तिचं जुनं हेल्मेट मागितलं. घालायला नाही, बरोबर घ्यायला. लोकांना चांगलं मिळालं की ते वाईट टाकून देतात, तुमचं मावशी सगळं उलटंच, असं बडबडत तिने ते हँडलला अडकवलं. रस्ताभर मी माझं निळं घातलं, ते शहाणपण अजून शाबूत आहे, काळजी करू नकोस. फाटकाशी उतरले, निळं काढलं, तिचं घातलं, आणि झाडाखालच्या बाकावर हातात पर्स घेऊन बसून राहिले. कपाळावर वळ चांगला उठायला वेळ लागतो.

फाटकावरचा रखवालदार आधी लांबून बघत होता. मग जवळ येऊन त्याने पायलटला विचारलं की विमान उडायला अजून वेळ आहे का. ती म्हणाली, गप बस, प्रवासी जप करतायत. आत जाणाऱ्या नर्सेस तोंडावर हात धरून हसल्या. मलाही हसू येत होतं, पण त्या हेल्मेटात गाल हलत नाहीत. पायलटने मला कारण विचारलं नाही. थोड्या वेळाने येऊन तिने हेल्मेट उचलून कपाळ पाहिलं आणि म्हणाली, अजून थोडं.

मग मी आत गेले. ते उठले, खुर्ची दिली, माझ्याकडे बघितलं आणि जवळ आले. अंगठा, मधून कानशिलापर्यंत. हे तुम्हाला घट्ट होतंय, बाई. मी डोळे मिटून घेतले आणि बदलेन म्हटलं.

आज मला धीर आला, म्हणून विचारलं, तुमच्या घरी कोण असतं?

“बायको आहे,” ते म्हणाले. “बऱ्याच दिवसांत आली नाही. बस बंद झालीय ना. ती फार मनाला लावून घेते. तुम्ही तिकडूनच येता का?”

मी मान हलवली.

“मग तिला एवढं सांगा, येता आलं नाही तरी मी रागावलेलो नाही. आणि ती काय म्हणाली ते पुढच्या वेळी मला सांगा. याल ना तुम्ही?”

येईन म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांना हे पुढच्या शुक्रवारपर्यंत आठवणार नाही, हे मला कळतं, चिऊ. तू फोनवर जे जे सांगशील ते सगळं मला कळतं. तुझ्याकडे ऊब आहे, माणसं आहेत, छोटी आहे. इथे दिवेलागणीला मी रेडिओ लावते तो बातम्यांसाठी नाही, घरात कुणीतरी बोलावं म्हणून. मला यायचं नाही असं नाही. यायचं इतकं आहे की म्हणूनच फोनवर बोलता आलं नाही. पण मी येत नाही. ते आहेत तोवर नाही. ती खोली छोटीला दे आणि रंगही तिलाच विचार.

रागावलीस तर रागाव, पण एकदा ये. ते तुलाही ‘बसा बाई’ म्हणतील. पहिल्या वेळी फार लागतं, नंतर त्याच खुर्चीत बसता येतं.

बायकोचं उत्तर मी ठरवलंय. ती म्हणाली, मीही रागावलेली नाही, आणि इथे सगळं ठीक आहे. एवढंच नेणार आहे. तुलाही काही कळवायचं असेल तर लिही, शुक्रवारच्या आत पोचेल असं. छोटंसं दे, मला पाठ होईल असं. मी त्यांच्याजवळ बसून, मुलीने सांगितलंय म्हणून, तुझ्याच शब्दांत सांगेन.

तुझी आई,
आणि तिकडे, त्यांच्या बायकोचा निरोप नेणारी बाई