समुद्राच्या वहीतले अकरा दिवस

१४ जून १९८१, अड्याळ
बाबांना घेऊन भंडाऱ्याहून परत. काचबिंदू. डॉ. म्हणाले, गेलेली नजर आता येणार नाही. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "कुसुम, वह्या आता तुलेच वाचा लागन."
कोकणातल्या बंदरावरच्या वह्या. धक्क्याला ठोकलेल्या पट्टीवर समुद्राचं पाणी किती चढलं, किती उतरलं, ते बाबांनी नोकरीत तेवीस वर्षं रोज लिहिलं. तक्ते बंदराच्या कार्यालयात जायचे. ही त्यांची स्वतःची नक्कल. आई न् मी इथे, ते तिथे. वर्षातून एकदा यायचे.

२ जुलै
शाळेत शिकवून आले की रोज एक वही. मी वाचते, सरासरी काढते, बाबा डोळे मिटून ऐकतात. सुरुवातीच्या वर्षांपेक्षा शेवटच्या वर्षांत पाणी बोटभर वर.
"म्हंजे समुद्र वाढून राहिला?"
"नाही तं धक्का खचून राहिला असन. एका पट्टीनं नाही समजत, माय. आनखी पन्नास वर्सं कोनीतरी लिवलं पायजे."
बोटभर पाण्यासाठी आमचं घर असं... जाऊ दे.

९ जुलै
१९७२ची वही. मध्येच अकरा दिवस कोरे. एरवी तापातही खाडा नाही.
आई गेली तेच दिवस. बाबा आले नव्हते. अग्नी मामांनी दिला. मी सतरा वर्षांची. तेव्हापासून बाबांशी कामापुरतंच बोलणं.
विचारलं. बाबा जेवण तसंच ठेवून उठले.

११ जुलै
आज आपणहून बोलले.
"तार उशिरा भेटली. निंगालो होतो मी. पवनीपर्यंत आलो. तिथं गावचा मानूस भेटला. म्हने, समदं आटोपलं. दोन दिस वैनगंगेच्या घाटावर बसून राहिलो. तुह्यापुढं यायची हिंमत नाही झाली. परत गेलो."
पवनीहून आमचं घर तासाभराच्या वाटेवर.
"नऊ वर्सं सांगतलं काहून नाही, बाबा?"
"परवापर्यंत तू इचारलं नाहीस."
खरंच नाही विचारलं. विहिरीवर जाऊन रडले.

२० जुलै
कार्यालयाचं पत्र. तिकडचे जुने तक्ते पावसाच्या पाण्यात गेले, नक्कल पाठवा. कोरे दिवस असतील तर मागचे-पुढचे आकडे पाहून अंदाजाने भरा.
बाबा ताडकन म्हणाले, "भरू नोको. मी तिथं नव्हतो."
तशीच उतरवते आहे. त्या पानाशी हात अडतो.

३ ऑगस्ट
बाबांना आठ दिवस ताप. खाणं दोन घास. एकच धरून बसलेत, "एकदा धक्क्यावर ने. दिसन नाही, पन आयकू तं येईन." डॉ. म्हणतात, एवढा प्रवास झेपणार नाही. मामाही नको म्हणतात.
मी समुद्र अजून पाहिलेला नाही.
तरी रजेचा अर्ज दिला, हेडसरांनी अजून सही केलेली नाही. बाबा सकाळपासून ओसरीवर चपला घालून बसलेत.